चित्राबरहुकूम रान

निसर्गचित्र आणि भूमीचे संरक्षण यांचे नाते सांगताना बहुधा एकच क्रम सांगितला जातो: चित्रकाराने एखाद्या प्रदेशाचे सौंदर्य रंगवले, शहरातल्या लोकांनी ते पाहिले, आणि तो प्रदेश राखला पाहिजे अशी भावना त्यातून समाजात रुजली. हा क्रम खोटा नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात त्याचे ठळक दाखलेही आहेत. निसर्गचित्राचा याहून वेगळा आणि अधिक अवघड असा आणखी एक उपयोग मात्र संभवतो. एखादी जमीन पूर्णपणे उजाड झाल्यावर, तिच्यावर पूर्वी काय उगवत होते हे ज्यांना ठाऊक होते त्यांना विचारण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटत नसताना, शंभर वर्षांपूर्वीचे एक तैलचित्र पुरावा म्हणून समोर ठेवून तिथले रान पुन्हा उभे करता येते का, हा तो प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, वॉर्नाम्बूल आणि कोरॉइट या गावांलगतच्या टॉवर हिल येथे १९६१ पासून हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. त्यातले यश आणि त्यातली उणीव, दोन्ही नीट समजून घेण्यासारखी आहेत.

टॉवर हिल हे नाव डोंगराचे वाटले तरी ते वस्तुतः ज्वालामुखीचे एक रुंद, उथळ विवर आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा शिलारस भूजलाला भिडला की पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन प्रचंड स्फोट होतात, आणि उंच शंकूऐवजी राखेच्या कड्याने वेढलेला पसरट खळगा मागे राहतो. हा खळगा सुमारे तीन किलोमीटर रुंद असून त्यात तळे साठलेले आहे. नंतरच्या उद्रेकांत मधोमध लहान शंकूंसारख्या टेकड्या तयार झाल्या, आणि पाणी भरलेले असताना त्या बेटासारख्या दिसतात. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालमापनानुसार हा उद्रेक सुमारे ३७,००० वर्षांपूर्वी झाला. याच राखेच्या थराखाली १९४० च्या दशकात एक दगडी कुऱ्हाड सापडली होती, त्यामुळे हा ज्वालामुखी पेटला तेव्हा त्या प्रदेशात माणूस राहत होता असे म्हणता येते. इथल्या मूळ रहिवाशांना कोरॉइटगुंडिज म्हणत. युरोपीय मेंढपाळ १८३० च्या दशकात या किनाऱ्यावर येऊ लागले, त्याआधी विवराचे उतार, तळ्याचे काठ आणि त्यांवरची झाडे किती तरी पिढ्या याच लोकांच्या निगराणीखाली होती.

ज्या चित्राने पुढे टॉवर हिलचे भवितव्य ठरवले, ते काढणारे युजीन फॉन गेरार यांचा जन्म १८११ मध्ये व्हिएन्नात झाला. वडील ऑस्ट्रियाच्या दरबारात लघुचित्रे काढीत. त्यांच्याबरोबर फॉन गेरार यांची तरुणपणातली वर्षे इटलीत गेली, आणि १८३६ मध्ये नेपल्स येथे वडिलांचे निधन झाल्यानंतर ते जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत योहान विल्हेल्म शिर्मर यांच्या हाताखाली निसर्गचित्रण शिकले. या शाळेची शिस्त कडक होती. विद्यार्थ्याने उघड्यावर जाऊन खडक, बुंध्याची साल, पानांचा झुबका यांचा सुटासुटा अभ्यास करावा आणि त्या अभ्यासातूनच मोठ्या चित्राची रचना करावी, अशी तिथली अपेक्षा असे. सोन्याच्या खाणींची वार्ता ऐकून फॉन गेरार डिसेंबर १८५२ मध्ये व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर उतरले आणि वर्षभराहून अधिक काळ बॅलरॅटच्या खाणींवर राबले. सोन्याने फारशी साथ दिली नाही, म्हणून ते मेलबर्नला आले आणि पुन्हा चित्रकार झाले. खिशात मावणाऱ्या वह्यांमध्ये टोकदार पेन्सिलीने जागेवर रेखाटने करायची, त्यांवर टिपणे लिहायची आणि मग चित्रशाळेत बसून त्यांवरून तैलचित्र रंगवायचे, ही त्यांची पद्धत अखेरपर्यंत टिकली.

या पद्धतीमागे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या निसर्गशास्त्रज्ञाचा विचार होता. हुम्बोल्टच्या ‘कॉसमॉस’ या ग्रंथाचा दुसरा खंड १८४७ मध्ये निघाला, आणि त्यात निसर्गचित्रणाला त्याने एक स्वतंत्र प्रकरण दिले. त्याच्या मते प्रत्येक प्रदेशाला तिथल्या वनस्पतींमुळे एक ओळखता येण्याजोगा चेहरा लाभतो. हवा, उंची, माती आणि खडक यांच्या परस्परसंबंधातून तो चेहरा घडतो, आणि दूरदेशी जाऊन वनस्पतींचा अभ्यास करणारा चित्रकार तो शास्त्रज्ञाइतक्याच खरेपणाने मांडू शकतो. आज परिसंस्था या शब्दाने सजीव आणि त्यांच्या निर्जीव परिसराची जी गुंफण सांगितली जाते, तिची जाणीव या विचारात आधीच आहे. अमेरिकी चित्रकार फ्रेडरिक चर्च याच हुम्बोल्टच्या मागोमाग अँडीज पर्वतात गेला. फॉन गेरार यांना तसाच अपरिचित प्रदेश पोटापाण्यासाठी केलेल्या प्रवासात आपसूक समोर आला, आणि पानापानाने वेगळे असलेले एक खंड रंगवायला ते बसले.

व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात तेव्हा गबर झालेले मेंढपाळ जमीनदार आपल्या घरांची आणि जमिनींची चित्रे काढून घेत असत. जेम्स डॉसन हे कॅन्गॅटाँग येथील मळ्याचे मालक त्यांच्यापैकी एक होते, मात्र त्यांनी फॉन गेरार यांच्याकडून जे चित्र मागितले ते घराचे किंवा कुरणाचे नव्हते. त्यांना टॉवर हिलचे चित्र हवे होते. कॅन्गॅटाँगच्या मुक्कामात चित्रकाराची गाठ एका आदिवासी तरुणाशी पडली. तोही रेखाटने करीत असे, आणि त्याने काढलेले फॉन गेरार यांचे रेखाटन आजही जपून ठेवलेले आहे. १८५५ मध्ये पूर्ण झालेले ‘टॉवर हिल’ हे तैलचित्र सुमारे ६९ सेंटिमीटर उंच आणि १२२ सेंटिमीटर रुंद आहे. विवराच्या कड्यावरून आत पाहताना दिसणारे तळे, तळ्यात उभ्या असलेल्या झाडीने भरलेल्या टेकड्या, पलीकडचा कडा आणि दूर सागराची रेघ असा विस्तीर्ण देखावा त्यात आहे. परंतु पुढच्या भागातला झाडोरा मात्र अशा बारकाव्याने रंगवलेला आहे, की पाहणाऱ्याला विस्तार आणि तपशील यांच्यात एकसारखे मागेपुढे करावे लागते.

हा बारकावाच पुढे त्यांच्यावरचा आरोप ठरला. १८७० मध्ये मेलबर्नच्या ‘द आर्गस’ या वृत्तपत्रात जेम्स स्मिथ या समीक्षकाने त्यांच्या कामावर कठोर टीका केली. पानन् पान मोजून काढण्याच्या नादात चित्रातले काव्य हरपते, असा तिचा रोख होता, आणि फॉन गेरार यांनी आपल्या तपशिलाचे समर्थन करणारे उत्तरही दिले. काळ बदलत होता. फ्रान्समध्ये चित्रकार प्रकाशाच्या एकंदर परिणामाकडे वळत होते, आणि ऑस्ट्रेलियातही पुढच्या पिढीला, ज्यात खुद्द फॉन गेरार यांच्या हाताखाली शिकलेले फ्रेडरिक मॅककबिन आणि टॉम रॉबर्ट्स होते, फटकाऱ्यातला मोकळेपणा अधिक भावला. कलेच्या दृष्टीने या बदलाने बरेच काही मिळवून दिले, हे मान्यच करायला हवे. टॉवर हिलच्या दृष्टीने पाहिले, तर १८५५ मध्ये तिथे मोकळ्या फटकाऱ्यांचा चित्रकार पोहोचला नाही, हे त्या जमिनीचे भाग्य होते.

चित्र पूर्ण झाल्यानंतरच्या दशकांत टॉवर हिलची अवस्था झपाट्याने बदलली. विवराच्या कड्याबाहेरची ज्वालामुखीय माती अतिशय सुपीक असल्याने कोरॉइटच्या परिसरात आयरिश स्थलांतरितांनी बटाटा आणि कांद्याची शेती वाढवली, आणि विवराच्या आतली झाडे सरपण, कुंपण आणि चराई यांसाठी जाऊ लागली. युरोपातून आणून १८५९ मध्ये व्हिक्टोरियात मोकळे सोडलेले ससे पुढे सगळ्या वसाहतीत माजले आणि कोवळा झाडोरा फस्त करू लागले. १८९२ मध्ये टॉवर हिल हे व्हिक्टोरियाचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले, आणि कारभार कोरॉइटच्या स्थानिक संस्थेकडे सोपवला गेला. घोषणेने जमीन वाचत नाही, हे इथे लवकरच दिसून आले. राखणीसाठी लागणारा पैसा जमिनीतूनच काढायचा असल्याने आत जनावरे चरत राहिली आणि दगडाच्या खाणी चालू राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फॉन गेरार यांच्या चित्रातल्या हिरव्या टेकड्या जवळजवळ बोडक्या झाल्या होत्या. त्या काळात तिथे वाढलेल्या मुलाला टॉवर हिल मुळातच गवताळ आणि उघडे आहे असे वाटले असते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये या अवस्थेचे वर्णन सरकती आधाररेषा असे केले: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेला निसर्ग हाच मूळ निसर्ग समजते, त्यामुळे ऱ्हासाची मोजणी दरवेळी नव्या, खालच्या पायरीवरून सुरू होते. पॉली यांचे उदाहरण समुद्रातल्या माशांचे होते. जमिनीलाही ते तंतोतंत लागू पडते.

१९६१ मध्ये टॉवर हिल राज्याच्या वन्यजीव खात्याकडे आले, राखीव क्षेत्र म्हणून त्याचा कारभार नव्याने सुरू झाला, आणि तिथे पुन्हा रान उभे करायचे ठरले. पुनर्लागवड करायची तर कशाची, हा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधताना १८५५ च्या चित्राकडे लक्ष गेले. वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यातल्या कित्येक जाती ओळखता आल्या, कारण चित्रकाराने झाड हे केवळ हिरवा डाग म्हणून रंगवलेले नव्हते. निलगिरीच्या गोत्रातल्या मॅना गमचा पर्णसंभार वेगळा, आपल्याकडच्या सुरूच्या नात्यातल्या शी-ओकची लोंबती, सुईसारखी फांदी वेगळी, बाभळीच्या गोत्रातल्या ब्लॅकवुडची दाट सावली वेगळी, आणि पाणथळ काठावरचे लव्हाळे तर अगदी निराळे. असे भेद जाणून रंगवणारा हात असेल, तर चित्रावरून लागवडीची यादी करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता झाडोरा उतारावर, कोणता काठाशी आणि कोणता उंचवट्यावर, याचा अंदाजही चित्र देते. वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या संग्रहातून, म्हणजे वनस्पतिसंग्रहालयातून, एखादी जात त्या भागात होती एवढे कळते. ती शेजारी कोणाबरोबर आणि किती दाटीने उभी होती, हे त्या कागदावर चिकटवलेल्या फांदीवरून कळत नाही. पुढच्या वर्षांत शाळांतली मुले, निसर्गमंडळे आणि स्वयंसेवक यांच्या हातून टॉवर हिलमध्ये तीन लाखांहून अधिक झाडे लागली. एमू आणि कोआला पुन्हा तिथे वावरू लागले. रॉबिन बॉइड या नामवंत वास्तुरचनाकाराने आराखडा केलेले दगडी निसर्गकेंद्र उभे राहिले. चित्र १९६६ मध्ये देणगी म्हणून सार्वजनिक मालकीत आले आणि वॉर्नाम्बूलच्या कलादालनात टांगले गेले, त्यामुळे आज पाहुण्याला सकाळी कॅनव्हास आणि दुपारी विवर पाहता येते.

असे असले तरी चित्र हा साक्षीदार कोणत्या प्रतीचा, याची तपासणी करावीच लागते. परिसर-पुनःस्थापनेच्या शास्त्रात, म्हणजे बिघडलेली परिसंस्था तिच्या पूर्वीच्या घडणीकडे परत नेण्याच्या विद्येत, संदर्भस्थिती ही एक मूलभूत कल्पना आहे: ज्या अवस्थेला उद्दिष्ट मानून काम करायचे, ती अवस्था कोणती आणि ती कशावरून ठरवली, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. चित्रावरून ठरवलेली संदर्भस्थिती एका वर्षाची, एका ऋतूची आणि एका उभे राहण्याच्या जागेची असते. चित्रकार रचनेसाठी एखादे झाड हलवू शकतो, आणि ड्युसेलडॉर्फची शाळा तर अभ्यासचित्रे जुळवून रचना करायला शिकवीत असे. जमिनीलगतचे गवत, औषधी वनस्पती, बुरशी आणि किडे कॅनव्हासवर येत नाहीत, आणि दूरच्या उतारावरचा झाडोरा कितीही निष्ठेने रंगवला तरी तो रंगाचा थरच राहतो. यासाठी दुसरा पुरावा जोडीला लागतो. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेल्या गाळात परागकण टिकून राहतात, आणि गाळाचा उभा नमुना काढून त्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले, की हजारो वर्षांत त्या जागी कोणत्या वनस्पती वाढल्या आणि कोणत्या सरल्या याचा आलेख मिळतो. टॉवर हिलच्या गाळाचा असा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. परागकण काळाची खोली देतात पण जागा नेमकी दाखवत नाहीत, चित्र जागा दाखवते पण एका क्षणापुरती. या दोहोंना एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय कोणत्याही एकाचा शब्द अखेरचा मानता येत नाही.

चित्रकारांना संदर्भस्थितीचा हा प्रश्न मुळीच ठाऊक नव्हता असे नाही. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो अरण्याच्या काठी, बार्बिझाँ या खेड्यात जमलेल्या चित्रकारांनी १८३० ते १८६० च्या दरम्यान तो फार तीव्रतेने अनुभवला. सरकारी वनखात्याने त्या अरण्यातल्या खडकाळ, वालुकामय मोकळ्या जागांवर स्कॉट्स पाइनची मोठ्या प्रमाणावर लागवड चालवली होती, आणि जुने ओक विक्रीसाठी तोडले जात होते. तेओदोर रूसो या चित्रकाराने झाडतोडीच्या एका चित्राला ‘निष्पापांचे हत्याकांड’ असे बायबलमधल्या कथेवरून नाव दिले, आणि १८५२ मध्ये त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. १८५३ मध्ये सहाशे हेक्टरांहून थोडे अधिक जुने रान तोडीतून वगळले गेले, आणि १८६१ च्या शाही आदेशाने सुमारे १,१०० हेक्टर क्षेत्र कलेच्या कारणासाठी राखीव झाले. जगातल्या सर्वांत जुन्या सरकारी निसर्ग-राखीव क्षेत्रांत त्याची गणना होते. या लढ्यातली एक गोष्ट सहसा नजरेआड होते, ती अशी की बार्बिझाँचे चित्रकार झाडे तोडण्याइतकेच झाडे लावण्याच्याही विरोधात होते. त्यांना पाइनची रांगेत लावलेली हिरवाई नको होती. वाळू, खडक, हीदरची झुडपे आणि वाकडेतिकडे ओक यांचे मोकळे रान हवे होते. वनखात्याच्या दृष्टीने जी जागा ओसाड होती, ती चित्रकारांच्या दृष्टीने भरलेली होती. त्यातही एक गुंता होता. त्या मोकळ्या जागांचे मोकळेपण बऱ्याच अंशी शतकानुशतके चरणाऱ्या गावच्या गुरांमुळे टिकले होते, त्यामुळे पुढे चराई थांबली तशी राखीव जागांतही झाडी दाटत गेली.

महाराष्ट्रात हा वाद परका नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतली माळराने सरकारी नकाशांवर अनेकदा पडीक जमीन म्हणून नोंदलेली असतात, पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी सरसकट गिरिपुष्पाची झाडे लावली गेली, आणि उघडा माळ दिसला की तिथे झाडे लावणे हेच पुण्यकर्म अशी समजूत अजून दृढ आहे. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यात, ओव्यांत आणि स्थळकथांत आलेले रानवनस्पतींचे उल्लेख तपासून असे दाखवले, की पश्चिम महाराष्ट्रातली ही माळराने जंगलतोडीतून अलीकडे उरलेली नाहीत, तर किमान साडेसातशे वर्षे ती माळरानेच आहेत; उल्लेखिलेल्या वनस्पतींतल्या बहुसंख्य जाती उघड्या, उन्हाच्या रानातल्या आहेत. इथे चित्राची जागा शब्दांनी घेतलेली आहे, पण रीत तीच आहे. जमिनीविषयी बोलायचा ज्यांचा हेतू नव्हता अशा कलाकृतींना जमिनीविषयीचा जबाब विचारायचा, आणि तो परिसरशास्त्राच्या कसोटीवर घासून घ्यायचा. माळढोक पक्ष्यांसाठी १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात अभयारण्य झाले, तेव्हा राखायचे होते ते गवतच. पडीक ठरवून त्यावर दाट लागवड केली की माळढोक जातो, लांडगा जातो, धनगरांची चराईही जाते, आणि कागदावर मात्र हिरवे क्षेत्र वाढलेले दिसते. टॉवर हिल आणि महाराष्ट्रातले माळ यांना एकच उत्तर लागू होत नाही: तिथे झाडे लावणे योग्य होते, इथे अनेक ठिकाणी न लावणे योग्य आहे. दोन्ही ठिकाणी आधी विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे, की ही जमीन काय होती, आणि हे कोण सांगतो.

संरक्षणाच्या इतिहासात ज्या चित्राचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते ते अमेरिकेचे आहे. थॉमस मोरान १८७१ च्या सरकारी पाहणीबरोबर यलोस्टोनला गेला, त्याची जलरंगातली रेखाटने आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रे यांचा आधार घेत १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी मोरानचे यलोस्टोनच्या दरीचे भव्य तैलचित्र अमेरिकी संसदेने १०,००० डॉलरला विकत घेतले. चित्राने भूमी वाचवली हे खरेच. मात्र कॅनव्हासवर दरी जशी निर्मनुष्य आणि आदिम भासते तशी ती ठेवायची, या समजुतीपायी तिथे राहणाऱ्या शोशोनी लोकांना पुढे उद्यानाबाहेर काढले गेले, आणि उद्यानातच १९२० च्या दशकापर्यंत लांडगे मारून संपवण्यात आले. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून पुन्हा सोडावे लागले, कारण दृश्य राखले गेले होते पण त्यामागचा व्यवहार तुटला होता.

टॉवर हिलच्या चित्रातही हाच प्रश्न दडलेला आहे. बिल गॅमेज या इतिहासकाराने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बिगेस्ट इस्टेट ऑन अर्थ’ या ग्रंथात वसाहतकाळातली शेकडो वर्णने आणि चित्रे, त्यांत फॉन गेरार यांचीही, आजच्या जागांशी ताडून पाहिली आणि असा निष्कर्ष मांडला, की सुरुवातीच्या युरोपीयांना जे उद्यानासारखे रम्य रान दिसले ते निसर्गाने सहज घडवलेले नव्हते. आदिवासी समाज ठरावीक ऋतूत, ठरावीक अंतराने आणि लहान पट्ट्यांत जमीन जाळीत; त्यातून कोवळे गवत उगवे, कांगारू चरायला येत, खाण्याजोगे कंद वाढत, आणि वाळलेला पाचोळा न साचल्यामुळे मोठे वणवे टळत. पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी १९६९ मध्ये या व्यवस्थेला अग्निशेती या अर्थाचे नाव दिले. गॅमेज यांच्या मांडणीला परिसरशास्त्रज्ञांतून विरोधही आहे, विशेषतः संपूर्ण खंडाला एकच सूत्र लावण्याला. हा विरोध मोठ्या सूत्राबाबत रास्त आहे. मात्र चित्रातली जमीन कोणाच्या तरी कामाने तशी दिसत होती, हा त्यांचा मूळ मुद्दा टाळता येत नाही. १८५५ चे रान आधाररेषा मानले, तर ते राखणाऱ्या हातांचीही नोंद आधाररेषेत घ्यावी लागते.

आणि ते हात तेव्हा नुकतेच बाजूला सारले गेले होते. नैर्ऋत्य व्हिक्टोरियात १८३० च्या दशकाच्या मध्यापासून १८४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मेंढपाळ आणि आदिवासी यांच्यात जो रक्तरंजित संघर्ष चालला, त्याला युमेराला युद्ध म्हटले जाते. फॉन गेरार कड्यावर वही उघडून बसले तेव्हा ते युद्ध संपून दहा वर्षेही झालेली नव्हती. चित्रातली शांतता खरी असेल, पण ती कशानंतरची शांतता आहे हे चित्र सांगत नाही. चित्र मागवणारे जेम्स डॉसन यांना मात्र हे ठाऊक होते. मुलगी इझाबेला हिच्या मदतीने त्यांनी पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासींच्या भाषा आणि चालीरीती नोंदवणारा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे वूंबीच पुयून या तिथल्या आदिवासी गृहस्थाच्या स्मरणार्थ त्यांनी कॅम्परडाउनच्या दफनभूमीत एक दगडी स्तंभ उभारला. त्यावर १८४० आणि १८८३ ही दोन वर्षे कोरलेली आहेत, पहिले गोऱ्या वसाहतीने या लोकांवर आणलेल्या विनाशाच्या आरंभाचे आणि दुसरे पुयून यांच्या मृत्यूचे. १९६१ च्या पुनर्लागवडीने डॉसन यांच्याकडून आलेल्या चित्राचा उपयोग केला, त्यांच्या ग्रंथातल्या ज्ञानाचा तितका नाही.

टॉवर हिलपासून पश्चिमेला, फार दूर नाही अशा बुज बिम या ज्वालामुखीच्या लाव्हाभूमीवर गुंडिचमारा लोकांनी बांधलेल्या दगडी वाटा आणि सापळे आहेत. किमान ६,६०० वर्षांपासून तिथे पाणी वळवून वाम मासे पाळले जात होते, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथले काँडा तळे वसाहतीच्या काळात चर खणून कोरडे पाडण्यात आले होते. २०१० मध्ये बंधारा बांधून ते पुन्हा भरण्यात आले, तेव्हा त्या कामाला कोणत्याही चित्राचा आधार नव्हता. दगडी चरांची उंची, पाणी कुठवर येत असे याची वृद्धांनी जपलेली आठवण आणि जमिनीचे मोजमाप यांवरून पातळी ठरली. टॉवर हिलमध्ये २००२ पासून निसर्गकेंद्राचे काम वॉर्न गुंडिज ही आदिवासी सहकारी संस्था पाहू लागली. तिथले वाटाडे पाहुण्यांना जी झाडे दाखवतात, त्यांतली पुष्कळशी १८५५ च्या चित्रावरून ठरवून लावलेल्या झाडांच्या पुढच्या पिढीची आहेत. ती दाखवताना कोणत्या गवताची टोपली विणतात, कोणता डिंक खातात, कोणत्या सालीचा काढा होतो, हे ते सांगतात. मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने नैर्ऋत्य व्हिक्टोरियाच्या मोठ्या प्रदेशावर ईस्टर्न मार या आदिवासी लोकांचा मूळ हक्क मान्य केला. दुष्काळी वर्षांत टॉवर हिलचे तळे आटते, कोआलांची संख्या वाढली की मॅना गमची पाने ओरबाडली जातात, आणि लावलेली झाडी कुठे विरळ करायची, कुठे व कोणत्या महिन्यात जाळायची, हे दरवर्षी नव्याने ठरवावे लागते. फॉन गेरार यांच्या कॅनव्हासवर यांतल्या कशाचेच उत्तर नाही. ते आता ज्यांच्याकडून घ्यायचे, त्यांचे पूर्वज चित्र काढले गेले त्या वर्षीही त्याच परिसरात राहत होते.